टाकीचं चौथं छिद्र

१ मे १९८६, गुरुवार
सुटी लागली. संस्कृतच्या पेपरांचे गठ्ठे परवाच शाळेत नेऊन टाकले. आता महिनाभर ट्रकची मॅनेजरी. ट्रक माझा आणि मेहुण्याचा, लवूचा, निम्मा निम्मा. लवू चालवतो, मी विचार करतो. डिझेलची टाकी गळतेय. लवू म्हणाला, भावोजी, टाकी मेली, आता तिका काय औषद देतास? बदलूया. तरुण रक्त. जुनं दिसलं की फेकायचं.
संकल्प: टाकी मी स्वतः दुरुस्त करणार.

२ मे
ट्रक सहा वर्षं इसिडोरच्या अंगणात फुकट उभा असतो. पोयसर गावठाणातला आमचा शेजारी. त्याबदल्यात त्याच्या मुलाची, डेनिसची, वरात न्यायचा शब्द मी दिलाय. अकरा तारीख, साडेचार, सांताक्रूझचं चर्च. इसिडोर आज म्हणाला, मास्तर, मोगऱ्याला डिझेल पाजलंत, आता फुलं काय पेटवायची? त्याची बायको एमिलिया म्हणाली, शब्द पाळा, नायतर तुमच्या खटाऱ्यात कोंबड्या पाळीन. विनोदी बाई.

४ मे, रविवार
टाकीच्या पोटाला तीन छिद्रं. कपड्यांचा साबण घासून बसवला. ड्रायव्हर लोकही हेच करतात, पण त्यांना त्यामागचं तत्त्व ठाऊक नसतं. ४.१० ला गळती बंद.
४.३५. साबण कमी पडला. बायको विचारत होती, वडी कुठे गेली? मी मौन पाळलं. मौनाला आपल्याकडे मोठी परंपरा आहे.

६ मे
लवूने कुर्ल्याच्या भंगारातून दुसरी टाकी टेम्पोने आणवली. चांगली आहे, नाही कोण म्हणतो? पण प्रश्न तत्त्वाचा. लवू जेवायला गेल्यावर त्याच टेम्पोतून परत पाठवली. लवू दोन तास बोलला नाही. मग बोलला. मालवणीची शब्दसंपत्ती विपुल आहे, एवढंच इथे नोंदवतो.

८ मे
टाकी रिकामी केली, घासली, तिन्ही छिद्रांवर एम-सील. दगडासारखं. मग सबंध टाकी तपासली, कारण मी वरवरचा माणूस नाही. झाकणावर चौथं छिद्र सापडलं! सुईएवढं. इतकं गोल, की कुणी मुद्दाम ड्रिलने पाडलंय असं वाटावं. गंजाची लीला. लवूच्या नजरेतून इतकी वर्षं सुटलं कसं? तेही बुजवलं. छिद्र तिथे अनर्थ, हे वर्गात वीस वर्षं सांगतोय.

१० मे
काल टाकी भरून खाली वर्तमानपत्र पसरलं होतं. सकाळी कोरडं ठणठणीत! एमिलियाला नेऊन दाखवलं. तिने आधी बातम्या वाचल्या. लवूने पाच मिनिटं इंजिन चालवून पाहिलं आणि जेवायला गेला. कौतुक त्याच्या स्वभावात नाही.

११ मे, रविवार
२.५५. निघालो. नवरदेव आणि मी केबिनमध्ये. मागे एमिलिया, इसिडोर, डझनभर मावश्या आणि बँड. वही खिशात.
३.१५. मालाड. इंजिन बंद. लवूने डिझेलचा हातपंप मारला. सुरू. किरकोळ.
३.४०. गोरेगाव. पुन्हा. बँड वाजतोय, मावश्या हायवेवर नाचतायत. डेनिस नाचत नाही.
४.२०. जोगेश्वरी. डेनिस म्हणाला, मास्तर, ती थांबेल, तिचा बाप नाय थांबणार. दोनदा मोडता मोडता राहिलंय हे लग्न. मी म्हटलं, डिझेलमध्ये पाणी असणार.
४.३०. लवूने झाकण उघडलं. टाकीने दीर्घ श्वास घेतला. मागच्या मावशीपर्यंत ऐकू गेला. लवू म्हणाला, ह्या भोकातसून टाकी वारो घेता, भावोजी, ह्यां कोणी बुजवल्यान? मी म्हटलं, चौकशी करावी लागेल. त्याने माझ्या खिशातली एम-सीलची पुडी काढली. चौकशी संपली. टाकीच्या तोंडात चिंधी कोंबली, झाकण माझ्या हातात दिलं आणि मला मागे मावश्यांत बसवलं.
५.१०. पोचलो. चाळीस मिनिटं उशीर. मुलीचा बाप चर्चच्या दारात, कपाळावर आठ्या. एमिलियाने ट्रकमधून उडीच मारली, माझ्याकडे बोट दाखवून त्याला काहीतरी सांगितलं. तो पोट धरून हसायला लागला आणि दारातून बाजूला झाला. लग्न लागलं. काही माणसांचं नुसतं दर्शनच वातावरण प्रसन्न करतं.

१३ मे
लवूने तीच कुर्ल्याची टाकी पुन्हा आणून बसवली. तासाभरात. मला पानासुद्धा धरू दिला नाही. जुनी टाकी एमिलियाने कापून, धुऊन कोंबड्यांना पाणी प्यायला ठेवली. म्हणजे ती अगदीच विनोदाने बोलत नव्हती.

२ जून
लग्नाचा फोटो इसिडोरने हॉलमध्ये टांगलाय. चर्चच्या पायऱ्या, नवरा, नवरी, हसणारा सासरा, आणि त्याच्या शेजारी मी, छातीशी झाकण धरून. खाली ठेवायचं राहूनच गेलं. आल्यागेल्याने विचारलं, मास्तरांना मेडल कसलं रे मिळालं, की इसिडोर त्याला बसवून घेतो आणि साबणापासून सगळं सांगतो.
आज चष्मा लावून फोटो जवळून पाहिला. छिद्र अजिबात दिसत नाही. एम-सील पक्कं बसलं होतं.