सहाशे ग्रॅम

प्रिय सुरेखा,

काल सकाळी हर्षालीने मला एक प्रश्न विचारला आणि तेव्हापासून माझं कशातच लक्ष लागत नाहीये.

"पप्पा, तुम्ही आंघोळ झाली की आईशी बोलता ना मनातल्या मनात? मागच्या वर्षी धुळ्यात काय झालं, ते तिला सांगितलंत का?"

मी म्हटलं, "सांगितलं की. ऊन लागलं होतं तुला."

ती माझ्याकडे नुसती बघत राहिली. तू बघायचीस ना, मी खोटं बोललो की? अगदी तशी! मग दप्तर उचलून क्लासला गेली.

आज रविवार. दुकान बंद आहे. म्हणून हे लिहायला बसलोय. सगळ्या जगाला जे सांगितलं, तेच मी तुलाही सांगत आलो. ते खोटं होतं गं. हर्षालीला ऊन लागलं नव्हतं. तिला मी पाडलं.

पण आधी थोडं तुझ्याशी भांडू दे. सातवीत तिला शाळेच्या कुस्तीच्या मॅटवर नेलंस ते तू. मला न विचारता! मी किती चिडलो होतो, आठवतं? "पोरीचे कान मोडतील, दात पडतील, उद्या हिला स्थळं कोण आणेल?" तू पोळी लाटता लाटता हसलीस आणि म्हणालीस, "अहो, आधी तिला खेळताना बघा तरी." मी नाही आलो बघायला. दोन वर्षांत एकदाही नाही. मी भला आणि माझं पाण्याच्या मोटारींच्या वाइंडिंगचं दुकान भलं.

मग अकरा दिवसांचा ताप आला आणि तू गेलीस.

घरात आम्ही दोघंच उरलो. नववीतली मुलगी आणि तिच्याशी काय बोलावं हे माहीत नसलेला बाप. तुझी नणंद अक्का शेजारच्या गल्लीतच आहे, ती यायची, स्वयंपाक करून जायची. पण मुलीशी बोलायला मला एकच विषय सापडला. कुस्ती. रोज संध्याकाळी पाचला शटर ओढून मी मॅटच्या कडेला जाऊन उभा राहू लागलो. लोक म्हणायचे, "प्रमोदभाऊ, मुलीसाठी किती करता!" मला बरं वाटायचं. खरं सांगतो, तुझ्यानंतर पहिल्यांदा काहीतरी बरं वाटत होतं.

सुरुवातीला नुसता बघायचो. मग बोलू लागलो. मग ओरडू लागलो. घरी येताना गाडीवर मागे ती आणि पुढे माझी बडबड. पाय का नाही धरलास? खाली का बसलीस? समोरची थकली होती, दिसलं नाही का तुला? ती मागून "हो पप्पा" म्हणायची. पुढे पुढे तेही म्हणेनाशी झाली. मला वाटलं, मनावर घेतेय पोरगी.

जिल्हा स्पर्धेच्या महिनाभर आधी मला कुठूनतरी कळलं, की एकोणपन्नास किलोच्या गटात पिंपळनेरची एक मुलगी आहे. आदल्या वर्षी राज्यापर्यंत जाऊन आलेली. हर्षालीचं वजन तेव्हा बरोबर एकोणपन्नास. मी शोध घेतला, तर शेहेचाळीसच्या गटात दोन-तीनच मुली, त्याही नवख्या. मी मनाशी ठरवून टाकलं. तीन किलो उतरवायचे आणि जिंकायचं! हर्षाली म्हणाली, "पप्पा, मला तिच्याशीच खेळायचंय." मी म्हटलं, "हरायची हौस आहे का?"

तिला विचारलं ते एवढंच.

सरांनी मला आधीच बजावलं होतं. सर म्हणजे तिचे खेळाचे शिक्षक, वयाने माझ्यापेक्षा बारा-तेरा वर्षांनी लहान. "प्रमोदभाऊ, वाढत्या वयाची मुलगी आहे. तिला तिच्या वजनात खेळू द्या. आणि काहीही झालं तरी पाणी तोडायचं नाही." मी मान डोलावली आणि घरी येऊन भाकरी अर्धी केली. मग भात बंद. मग रात्रीचं जेवण बंद. सरांनी वजन कसं उतरतंय विचारलं तर काय सांगायचं, तेही मीच तिला पढवलं. "म्हण, गोड सोडलंय." मी आपल्या मुलीला खोटं बोलायला शिकवलं, सुरेखा.

तांब्याची तार तोलायचा दुकानातला मोठा काटा आहे ना, त्यावर मी तिला रोज उभी करायचो. शाळेच्या गणवेशात, गिऱ्हाइकांसमोर. ती खाली मान घालून उभी राहायची आणि मी आकडा मोठ्याने वाचायचो!

अक्काने मला एकदा धरलंच. "काय करी राहिना रे तू? पोर उपाशी शे, तुले दिखस नही का? पोरना हाडका दिखी राहिनात!"

मी अक्कावर आवाज चढवला. आयुष्यात पहिल्यांदा. म्हटलं, तुला खेळातलं काय कळतं? सुरेखा, तू असतीस तर काय केलं असतंस? मला माहीत आहे. ताट वाढून तिच्यासमोर ठेवलं असतंस आणि माझ्याकडे बघितलंही नसतंस.

स्पर्धेच्या आदल्या दुपारपासून मी तिचं पाणी बंद केलं. पहाटे शिरपूरहून निघालो तेव्हा तिच्या अंगात दोन स्वेटर होते आणि भाड्याने केलेल्या गाडीच्या काचा बंद. धुळ्याला पोचेपर्यंत ती दोनदा म्हणाली, "पप्पा, एक घोट." मी म्हटलं, "वजन झालं की बाटलीभर पी."

आठला वजनं सुरू झाली. काट्यावर आकडा आला शेहेचाळीस किलो सहाशे ग्रॅम. नऊपर्यंत पुन्हा वजन देता येणार होतं. सर दुसऱ्या मुलींच्या कागदपत्रांत अडकलेले. मी तिला पॅव्हेलियनच्या मागे नेलं. स्वेटरवर रेनकोट घालायला लावला आणि म्हटलं, पळ.

ऑक्टोबरचं ऊन तुला माहीतच आहे आपल्याकडचं. साडेआठलाच भिंती तापल्या होत्या. ती पळत होती, थांबून थुंकत होती, पुन्हा पळत होती. थुंकलं की तेवढंच वजन कमी होतं, हेसुद्धा मीच कुठूनतरी ऐकून तिला सांगितलं होतं. मी घड्याळ हातात धरून उभा. मग ती माझ्यासमोर आली आणि म्हणाली,

"पप्पा, थुंकीच येत नाहीये."

ओठ पांढरे पडले होते तिचे. कपाळावर घाम नव्हता. एवढ्या कपड्यांत, एवढ्या उन्हात घामच नव्हता! मी ते बघितलं. बघितलं नाही असं म्हणायची सोय मला नाही. बघितलं आणि म्हणालो, "अजून दोन चकरा. वीस मिनिटं आहेत."

दुसऱ्या चकरेला ती भिंतीला हात लावून थांबली आणि तशीच घसरत खाली बसली. मी हाक मारली. डोळे उघडे होते, पण माझ्याकडे बघत नव्हते.

पुढचं मला तुकड्यातुकड्यांनी आठवतं. सर धावत आले. त्यांनी रेनकोट फाडूनच काढला. कोणीतरी डोक्यावर पाणी ओतलं. गाडीत तिचं डोकं माझ्या मांडीवर होतं आणि ते इतकं तापलं होतं, की मला तुझ्या तापाचा अकरावा दिवस आठवला.

दवाखान्यात नर्सला शीर सापडेना. तीन ठिकाणी सुई टोचली. डॉक्टरीणबाईंनी मला विचारलं, "शेवटचं पाणी कधी प्यायली ही? खाल्लं काय?"

सर माझ्या शेजारीच उभे होते. आणि मी म्हणालो, "सकाळी चहा-बिस्किट घेतलंय. पाणीही प्यायलीय. ऊन लागलं असेल."

माझी मुलगी पलंगावर तशी पडलेली आणि मी सरांसमोर माझी अब्रू सांभाळत होतो! पाडलं त्याहून हे वाईट, नाही का? तेव्हा पलंगावरून आवाज आला. इतका बारीक, की डॉक्टरीणबाईंना वाकावं लागलं.

"काल दुपारी. पाणी... काल दुपारी."

खरं तिने सांगितलं. मी नाही.

डॉक्टरीणबाईंनी माझ्याकडे एकदा बघितलं आणि नर्सला भराभर काय काय सांगायला लागल्या. दोन दिवस सलाइन लागलं. वाचली. मूत्रपिंडावर ताण आला होता, तोही उतरला. पण बाई जाताना मला म्हणाल्या, "अजून अर्धा तास उशीर झाला असता, तर मी काही सांगू शकले नसते." मी हा अर्धा तास वर्षभर मोजतोय.

सरांनी तेव्हा मला एका शब्दाने विचारलं नाही. आणि मी घरी येऊन सगळ्यांना सांगत सुटलो, ऊन लागलं, ऊन लागलं. हर्षाली समोर असायची. ऐकायची.

दिवाळीत ती माझ्याशी दोन वाक्यं बोलली असेल. सुट्टीच्या शेवटच्या दिवशी मी आणखी एक शहाणपण केलं. तिचे कुस्तीचे बूट उचलले, माळ्यावर टाकले आणि जाहीर केलं, आता कुस्ती बंद! मला वाटलं, तिला हेच हवं असेल. ती तटकन उठली.

"तेव्हा न विचारता उपाशी ठेवलंत, आता न विचारता बंद करताय. पप्पा, कुस्ती माझी आहे. आईने मला दिलीय. तुम्हाला नाही दिली!"

अक्का दारातच उभी होती. मला वाटलं, पोरीला रागावेल. ती माझ्याकडे वळली. "लाज तुले वाटाले पाहिजे, पोरले नही. जाय, मास्तरले बठ्ठं सांगी टाक."

दुसऱ्या दिवशी शाळेत गेलो. शिक्षकांच्या खोलीबाहेर अर्धा तास उभा राहिलो आणि मग सरांना सगळं सांगितलं. अर्धी भाकरी, पढवलेलं खोटं, पाणी, दवाखान्यातलं. ते शांतपणे ऐकत होते. मग म्हणाले, "मला ते तिथेच कळलं होतं. तुम्ही कधी येता, याची वाट बघत होतो." आणि त्या पोरसवदा माणसाने मला अटी घातल्या. ती तिच्या वजनात खेळेल. घरी वेळेवर पोटभर जेवेल. आणि मी वर्षभर सरावाला यायचं नाही. "तिला शिकवणारा मी आहे, प्रमोदभाऊ. तिला वडील नाहीयेत सध्या. तेवढी जागा भरा."

राग आला मला. खूप आला. घरी येईपर्यंत ओसरला, कारण बोलणं खरं होतं.

हे वर्ष सोपं गेलं नाही. पाच वाजले की पाय आपोआप शाळेकडे वळायचे. मी पान्हे पुसत बसायचो. ती घरी आली की जिभेवर प्रश्न यायचा, आज कोणाला पाडलंस? तो गिळायचो आणि विचारायचो, भाजी कसली करू? हो, मी भाजी करतो आता. हसू नकोस! भरीत जमतं, शेवभाजी अजून पाणचट होते. एप्रिलमध्ये कधीतरी ती जेवता जेवता आपणहून म्हणाली, "आज नवा डाव शिकवला सरांनी." मी घास तोंडातच धरून बसलो. हललो तर ती बोलायची थांबेल, अशी भीती वाटली.

परवा पुन्हा जिल्हा स्पर्धा झाली. तेच मैदान. आदल्या आठवड्यात तिने सांगितलं, "पप्पा, तुम्ही या. पण ओरडायचं नाही. आणि तोंड पाडायचं नाही." वजन भरलं अठ्ठेचाळीस किलो सातशे. सकाळी नाश्ता करून! काट्याच्या रांगेत मला उभं राहवेना. बाहेर जाऊन नळाखाली डोकं धरलं.

पहिली कुस्ती ती जिंकली. दुसरी पिंपळनेरच्या मुलीशी. मी सगळ्यात वरच्या पायरीवर बसलो होतो, हात मांड्यांखाली दाबून. शेजारचा एक बाप दुसऱ्या मॅटवरच्या आपल्या मुलीला वरूनच ओरडून सगळे डाव सांगत होता. सुरेखा, मला त्याचं तोंड दाबावंसं वाटत होतं आणि त्याच्याबरोबर ओरडावंसंही वाटत होतं.

हर्षाली काय खेळली गं! मी तिला कधी खेळताना बघितलंच नव्हतं. मॅटच्या कडेला उभा राहून मी फक्त चुका बघायचो. शेवटच्या मिनिटाला ती पाच-चारने पुढे होती. पंधरा सेकंद उरले. समोरचीने पाय ओढला, हर्षाली हातावर पडली. दोन गुण गेले. पाच-सहा. मी उठून उभा राहिलो. तोंड उघडलं. आणि तसाच खाली बसलो.

हरली.

ती मॅटवरून उतरली, त्या मुलीच्या प्रशिक्षकांना नमस्कार केला आणि सरळ पायऱ्या चढून वर माझ्यापर्यंत आली. डोळे भरलेले. मी काय बोलतो, याची वाट बघत होती. वर्षभर मी या क्षणासाठी वाक्यं जुळवली होती. एकही आठवलं नाही.

मी विचारलं, "दुखलं का कुठे?"

मागच्या वर्षी हे विचारलं असतं तर ती "नाही" म्हणाली असती. परवा तिने डावा हात पुढे केला. "हो. कोपर. खूप दुखतंय पप्पा." आणि लहानपणी रडायची तशी, माझ्या खांद्यात तोंड खुपसून रडली.

फ्रॅक्चर नाहीये. स्नायू ताणलाय, तीन आठवडे हात गळ्यात बांधायचा आहे. काळजी करू नकोस.

पुढच्या शनिवारी शाळेत खेळणाऱ्या मुलांच्या पालकांची सभा आहे. सर म्हणाले, "प्रमोदभाऊ, दोन शब्द बोलाल का? मी सांगितलं तर उपदेश वाटतो." हर्षालीला विचारलं. ती म्हणाली, "खरं बोलणार असाल तर बोला. मी येईन ऐकायला."

तर तुला शब्द देतो. शनिवारी मी त्या सगळ्या आईबापांसमोर उभा राहीन आणि उन्हाचं नाव काढणार नाही. पहिलंच वाक्य हे असेल, की माझ्या मुलीचं पाणी मी बंद केलं होतं, आणि डॉक्टरांनी विचारलं तेव्हा मी खोटं बोललो. मग लोक काय म्हणायचं ते म्हणोत. अक्काही येणार आहे. हर्षाली समोर असेल, तिच्याकडे बघून बोलेन.

तुझा,
प्रमोद