धुक्यातल्या टकरीनंतर

आण्णा, तुम्हाला जाऊन एकोणीस वर्षं झाली. तुमच्या ताटात जेवणारा नातू आता मालवाहू जहाजावर थर्ड ऑफिसर आहे. मागच्या हिवाळ्यात एका सकाळी दाट धुक्यात त्याच्या जहाजाची दुसऱ्या जहाजाशी टक्कर झाली. पहाऱ्यावर तोच होता. समोरच्या जहाजावरच्या एका खलाशाचा पाय मोडला. दुपारपर्यंत टीव्हीवर पोराचा फोटो आला, मित्राच्या हळदीत नाचतानाचा. स्टुडिओत बसलेले एक निवृत्त तज्ज्ञ म्हणाले, आजकालची पोरं समुद्राकडं कमी आणि मोबाईलकडं जास्त बघतात. चौकशी अजून सुरूही झाली नव्हती. रहिमतपूरच्या आमच्या दारात एक पत्रकार माईक घेऊन आला आणि मुलगा बेफिकीर होता का, असं विचारायला लागला. धाकटे दीर कानात सांगत होते, सगळं कॅप्टनवर ढकल.

तेव्हा मला आपलं कुपवाडचं स्वयंपाकघर आठवलं. मी सातवीत आहे. तुम्ही वर्कशॉपमधून आलाय, रॉकेलनं धुऊनही हात काळेच आहेत. त्या दिवशी पत्रा कापायच्या प्रेसवर एका कामगाराची दोन बोटं गेलीत आणि सगळी गल्ली म्हणतेय, त्याचंच लक्ष नव्हतं. भाकरी वाढताना मीही तेच बोलते. तुम्ही हातातला घास खाली ठेवता.

"तू तिथं हुतीस व्हय?"

हात धुतल्यावर तुम्ही आईला म्हणता, "बोटं आत जाऊ नयेत म्हणून लावल्याली जाळी सैल झालीया हे मला ठावं हुतं. मशीन मीच थांबवायला पायजे हुती." दुसऱ्या दिवशी मालकालाही तुम्ही तेच सांगितलंत. तुमची फोरमनकी गेली, त्या माणसाची नोकरी मात्र राहिली.

मी पत्रकाराला म्हटलं, मी तिथं नव्हते, तुम्हीही नव्हता. तो निघून गेला.

दोन दिवसांनी पोराचा फोन आला. म्हणाला, "आई, ते जहाज मला रडारवर दिसलं होतं. कॅप्टनला बोलवायला मी तीन मिनिटं उशीर केला." ती तीन मिनिटं कागदावर आणू नको, असं दीरांनी त्याला बजावलं. मी त्याला फक्त तुमची ती गोष्ट सांगितली आणि तुझं तू ठरव म्हटलं. त्यानं जबाबात तीन मिनिटं लिहिली.

चौकशीला कित्येक महिने लागले. धुकं असूनही दोन्ही जहाजं वेगात होती. आमच्या कॅप्टननं वेग कमी केला नव्हता आणि समोरच्यांनी भोंगा वाजवला नव्हता. ज्याची त्याची चूक अहवालात वेगवेगळी लिहिली गेली. पोराचं लायसन सहा महिने थांबवलं, पण रद्द केलं नाही. स्वतःहून खरं सांगितलं, अशी नोंदही झाली. हे कुठल्या चॅनेलनं दाखवलं नाही, आणि आता मला त्याचं काही वाटतही नाही. मागच्या आठवड्यात त्या खलाशाचा व्हिडिओ कॉल आला. तो काठीशिवाय अंगणात चालून दाखवत होता, आणि आमचा पोरगा इकडं लहान मुलासारखा रडत हसत होता. पुढच्या महिन्यात पोर परत जहाजावर जाणार आहे.

हे पत्र वहीतच राहील. पण तुम्हाला एक सांगते. टीव्हीवर पहिल्यांदा बातमी बघितली तेव्हा मी हॉलमधला त्याचा युनिफॉर्ममधला फोटो उतरवून कपाटात ठेवला होता. आल्यागेल्यानं बघू नये म्हणून. चार दिवस तो तिथंच होता. पोर घरी यायच्या आत परत लावला. त्याला हे अजून माहीत नाही. तो जायच्या आत सांगेन म्हणते.