विळा तापवला तेव्हा

भरे, ता. मुळशी, सन १९६१

तीर्थरूप अण्णांस,

सकाळची पूजा आटोपून लिहिते आहे. गर्भपिशवीबाहेर वाढलेल्या गाठी पुण्याच्या डॉक्टरांनी काढल्या, त्याला आठ महिने झाले. पोट शांत आहे, कंबर मात्र उठता-बसता कुऱ्हाड घातल्यासारखी दुखते. डॉक्टर म्हणाले होते, शेक घ्या, ओझं उचलू नका, हळूहळू कमी होईल. सासूबाईंना तेवढा धीर नव्हता. गेल्या मंगळवारी त्यांनी रिहे गावच्या हैबतरावांना डाग द्यायला बोलावलं. दोघी जावांनी मला पालथी दाबून धरलं आणि हैबतरावांनी तापून लाल झालेला विळा कमरेवर टेकवला.

काल ते पुन्हा आले. "अजून दोन डाग लागत्यात, सूनबाई. बाईचं दुखणं लई चिवट."

मी म्हटलं, देवीचं नाव घेऊन विळा मीच तापवते. सासूबाई खूश झाल्या. "बगा, मॅट्रिक शिकली तरी देवाला धरून हाय."

तो विळा मी हैबतरावांच्या मांडीवर दाबला. धोतर जळून कातडीला चिकटलं. "आता तुमचं दुखणं गेलं का?" मी विचारलं.

सासूबाईंनी मला मुसळाने झोडपलं. मग त्यांना आलेलं तुमचं कार्ड पुढे टाकलं. अक्षर तुमचंच: 'डाग द्यावा, आमची हरकत नाही.'

उद्या गावातले चौघे येणार आहेत, मला खांबाला बांधून उरलेले डाग द्यायला. हे पत्र मी टाकणार नाही. टाकलं तर तुम्ही समजूत घालायला याल, आणि उंबऱ्याच्या आत जो पहिला पाय पडेल, तो मी तोडणार आहे. तो तुमचा नसावा.

तुमची धाकटी,
तुळजा