शालीसारखा पियानो, एक तास

१ डिसेंबर, सकाळी ७
दातांच्या डॉक्टरीणबाईंनी काम दिलं. वेटिंग रूमसाठी नाताळची जुनी गाणी, नुसत्या पियानोवर, एक तास. इतकी शांत, की पेशंटला अंगावर कुणी शाल घातल्यासारखं वाटावं. योग्य माणूस निवडला. मी मुळातच शांत.
हे हिला सांगितलं तर ही हसली. टिकटिक करून ताल देणारा मेट्रोनोम फेकावा लागला. ही म्हणाली, यंदाचा हा तिसरा. चौथा फुटला की मी पियानो घेऊन ताईकडे जाणार. पियानो सासऱ्यांनी दिलेला, म्हणून ही मिजास.
संकल्प: राग बंद. आजपासूनच.

४ डिसेंबर
तारांवर जाड लोकरी फेल्टची पट्टी लावली, माइक वीतभर अंतरावर ठेवला. आवाज मऊ येतो, श्वाससुद्धा ऐकू येतो. तिसऱ्या ओळीला वरच्या मजल्यावरच्या सुताराची ठोकाठोक सुरू. वर जाऊन समजावलं. समजावताना त्याचाच हातोडा हातात होता, त्यात एका कपाटाचं दार गेलं. कपाट म्हणजे मेट्रोनोम नव्हे, त्यामुळे अट मोडली नाही.

७ डिसेंबर
नाताळचंच, गोठ्यातल्या बाळाचं अंगाईगीत. एकोणीस टेक. दर वेळी त्याच जागी बोट घसरतं. स्टुलाला लाथ घातली. स्टूल जुनंच होतं. तुकडे पलंगाखाली सारले.

१० डिसेंबर, दुपार
हिने तुकडे शोधले आणि स्टूल जोडायला नेमकं त्या सुतारालाच बोलावलं! मी अंगाईगीत वाजवत होतो. तो म्हणाला, साहेब, बाळ झोपवताय की लाकडं फोडताय? मी पियानोचं झाकण आपटलं. डाव्या हाताची दोन बोटं आतच होती.
ही सोबत येते म्हणाली. तू आलीस तर जास्त दुखेल, असं सांगून दवाखान्यात एकटाच गेलो. प्लास्टर. परत आलो तेव्हा रेकॉर्डिंग चालूच होतं; दर तासाला आपोआप नवी फाइल सुरू होते.

११ डिसेंबर
शेवटची फाइल ऐकली. अंगाईगीत! एकही चूक नाही. कधी वाजवलं आठवत नाही. मोठ्या कलावंतांचं असंच होतं. ते संपायच्या आधीच बंद करून सगळी फाइल पाठवून दिली. स्वतःचंच कौतुक किती वेळ ऐकणार?

१६ डिसेंबर
डॉक्टरीणबाईंचा निरोप: पेशंट खुर्चीत झोपतात, सुई टोचली तरी हलत नाहीत.
हिला म्हटलं, ऐकलंस? याला हात म्हणतात. हिने आठ वर्षांत पियानोला हात लावलेला नाही. एकदा मी चूक दाखवली होती, तेवढंच. बोलताना झाकण जरा जोरात बंद झालं होतं.
हिने विचारलं, सगळ्यात चांगलं कोणतं झालंय? अंगाईगीत, मी म्हणालो. ही पुन्हा हसली. नवा मेट्रोनोम, चौथा, खिडकीतून गेला. काच बंद होती.

१८ डिसेंबर
चार हमाल आले. पाचवा सुतार, पियानोचा एक कोपरा धरून. मी त्याला शांतपणे ढकललं. त्याने एकच ठेवून दिली. समोरचा दात हलतोय. ही जिना उतरली, मागे वळून पाहिलंसुद्धा नाही. मग घरात थोडी आदळआपट झाली. कशाकशाची, लक्षात नाही.

१९ डिसेंबर, संध्याकाळ
दाताला इलाज नाही, काढावाच लागला. मी खुर्चीत, तोंडात कापसाचे बोळे, स्पीकरवर अंगाईगीत. ते संपलं आणि स्पीकरमधून सुताराचा आवाज आला: वहिनी, अजून एक वाजवा ना. मग हिचा: वाजवते, पण हे यायच्या आत. आणि पुढचं गाणं सुरू झालं.
डॉक्टरीणबाई म्हणाल्या, हे बोलणं मी मुद्दाम ठेवलंय, पेशंटना घरच्यासारखं वाटतं. कोण हो या बाई? कसला हात आहे!
मी बोळे काढून म्हणालो, बायको. मग त्यांनी दात ओढला. मी कशालाच लाथ मारली नाही. नुसता रडलो. बाईंना वाटलं, दात दुखतोय.
घरी आलो. पियानोच्या जागी फरशीवर चार खळगे. माझं चुकलं. आठ वर्षं चुकलं. हिला आत्ताच फोन करून हे सांगायचं, शांतपणे.
फोन शोधला. कपाटामागे सापडला. तीन तुकडे.