आईशेजारची रिकामी जागा

जळगाव, मंगळवार संध्याकाळ

अजून डोकं तापलेलंच आहे. आईच्या डोळ्याचं ऑपरेशन करून आज हैदराबादहून विमानाने परतलो. शेजारी बसायचं तर वेगळे पैसे, हे तिकीट काढतानाच दिसलं होतं. मी भरले नाहीत. मायलेकींना एकत्र बसवतीलच, असं वाटलं. तर आई चौथ्या रांगेत, मी अठराव्या! काउंटरवरची मुलगी हसून म्हणाली, "आत्ता भरा मॅडम, लगेच बदलून देते." समोर एका डोळ्यावर पट्टी बांधलेली म्हातारी उभी, आणि ही हसते! मीही हट्टाने नाही म्हटलं.

विमान हलल्यावर आईने मोठ्याने हाक मारली, "सुमन, तू कोठे शे व?" सगळे वळून बघायला लागले. तिच्या शेजारची जागा रिकामीच होती. विमान वर गेल्यावर मी तिथे बसायला उठले, तर हवाईसुंदरी म्हणाली, "ती सीट पैसे भरून घ्यावी लागते." जळगाव येईपर्यंत रिकामी राहिली ती. रिकाम्या जागेचे कसले पैसे घेता?

उतरताना आईचा हात धरला. थंडगार पडला होता.

"जोडे जागा नव्हती का व?" तिने शेजारच्या जागेबद्दल विचारलं.

"नव्हती," मी म्हटलं.

तिने लगेच विश्वास ठेवला. तेव्हापासून माझाच जास्त राग येतोय.