सगळ्यांचा एकच पासवर्ड

मास्तर, तुमचा आवाज आठवायचा तर आता मला आधी पेडण्याच्या शाळेचा दरवाजा आठवावा लागतो. शनिवार सकाळ. तुम्ही चौकटीत हात आडवा धरून उभे आहात, कवितेची ठरलेली एकच ओळ म्हटल्याशिवाय कुणाचं पाऊल आत नाही. मामाकडे शिकायला राहिलेली ती सुर्ल्याची मुलगी डोळे मिटून ओळ म्हणते, आणि मागे उभा मी तीच ओळ विसरतो. एकदा तिची बाकावर राहिलेली वही वाचताना तुम्ही मला पकडलंत. "उघडी दिसली म्हणून वाचायची?" एवढंच म्हणालात. छडी परवडली असती.

आता आम्ही सगळे सत्तरीपलीकडचे. आमच्या वर्गाची एक वेबसाईट आहे, ती मीच इथं पेडण्यातून सांभाळतो. प्रत्येकाला तिथं स्वतःचं पान, स्वतःच्या पासवर्डचं कुलूप. कुणाला सांगवत नाही ते तिथं लिहायचं. ती ज्यावर चालायची ते डिचोलीच्या एका दुकानातलं जुनं मशीन धापा टाकायला लागलं म्हणून धारगळच्या माझ्या भाचीनं सगळं नव्या सर्व्हरवर नेलं, आणि तिथं कुणालाच आत जाता येईना. सर्व्हर म्हणे पासवर्ड ठेवतच नाही. तो दळून नुसती खूण ठेवतो. आपण शब्द पुन्हा टाकला की पुन्हा दळतो आणि खुणा जुळवून बघतो. जुन्या मशीनची दळायची रीत नव्याला ठाऊक नव्हती. म्हणून भाची अशी रीत घालणार होती, की खुणेशेजारीच तिची कृती लिहिलेली राहील आणि प्रत्येकाच्या शब्दात वेगळं चिमूटभर मीठ पडेल. मग कुठल्याही मशीनवर न्या, जुळणारच. तोवर जुनं मशीन रविवारपर्यंत चालू ठेवलं, प्रत्येकानं जुन्या पासवर्डनं तिथं एकदा जाऊन नवा पासवर्ड घ्यावा म्हणून.

खुणांची यादी बघता बघता ती थांबली. "मामा, हें पळय. ह्या नऊ जणांची खूण एकसारकीच! जुन्यात मीठ पडूंकच ना, म्हणून कळता. सगळ्यांनी एकच पासवर्ड घातला काय?"

दार दिसलं की आम्हाला दुसरं काय सुचणार, मास्तर? तुमचीच ओळ. ती मी इथंही लिहीत नाही.

"आनी सुर्लेच्या मावशेचें पान," भाची माझ्याकडे न बघता म्हणाली, "गेलो म्हयनोभर पेडण्यांतल्यान कोण तरी उघडता." मी चहाचा कप तोंडाला लावला. रिकामा होता.

महिन्यापूर्वी पहिल्यांदा तिच्या पानावर नुसती गंमत म्हणून टाकली होती ओळ. दार उघडलं. छातीत गाठ लागते, असं तिनं लिहिलं होतं. डॉक्टरकडे गेलेली नाही. मुलीला कळलं तर ती नोकरी सोडून येईल. दवाखान्यात जा, असं सांगावं तर मला कसं कळलं तेही सांगावं लागणार. महिना असाच घालवला. भाची बोलली त्या संध्याकाळी सुर्ल्याला फोन केला.

"कितें रे, आज बरी याद जाली?"

"सपनात दिसलीस. आजारी."

ती खळखळून हसली. "तुजीं सपनां! म्हातारो जालो तरी सोंपनात." मग तिनं तिकडचा पंखा बंद केल्याचा खटका ऐकू आला. "आनी कितें दिसलें?"

"दवाखानो," मी म्हटलं. तिनं फोन ठेवला.

शनिवारी मी जुन्या मशीनवर तिचं पान पुन्हा उघडलं. एकच नवी ओळ होती, बोलते तशी नव्हे, तुम्ही शिकवलेल्या शुद्ध मराठीत: "सोमवारी वाळपईच्या दवाखान्यात जाते आहे, मुलगी सोबत येते आहे. स्वप्नं बघणं आता पुरे."

आज सोमवार. दुपार कलली, तिचा फोन नाही, करायला माझा हात धजत नाही. म्हणून तुम्हाला लिहीत बसलोय, पाठवायची सोय नाही हे बरंच आहे. काल तिनं पासवर्ड बदलला. तरी मास्तर, सकाळपासून चार वेळा मी तिचं पान उघडतंय का ते पाहिलं.