चाळीस फुटी माळ

आबा, आज दुपारपासून मला एका जागी बसवत नाहीये. तुम्हाला जाऊन चौदा वर्षं झाली, पण ही गोष्ट दुसऱ्या कुणाला सांगून उपयोग नाही. धाकट्यानं धरणगावात तुमचं मंडप-लायटिंगचं काम चालू ठेवलंय. त्याच्यासाठी मी इथं जळगावात मोबाइलवर चालणारं एक वेबपेज बनवलं. दिव्यांच्या माळेची लांबी आणि मधला झोळ टाकायचा, की दोन बांबूंमधलं अंतर मिळतं. लोंबत्या माळेचा बाक हायपरबोलिक फंक्शनचा असतो, आणि लांबीवरून अंतराकडे उलटं यायला त्याचं इनव्हर्स लागतं. जावास्क्रिप्टमध्ये ते तयारच आहे, ए-साइन-एच. एका ओळीचं काम! चाळीस फुटी माळ, पाच फूट झोळ टाकून बघितलं. अडतीस फूट पावणेचार इंच. मी खुर्चीवरून उठलोच.

शिरपूरच्या त्या लग्नात माळेचं आणि झोळाचं हेच माप होतं. मी बारावीत. माळेच्या दोन बाजू सरळ धरून, काटकोन त्रिकोण मांडून मी अंतर काढलं होतं आणि चुन्यानं खूण केली होती. तुम्ही अंगणाच्या मधोमध उभे राहता, एक डोळा मिटता आणि पायाच्या अंगठ्यानं खूण पाच इंच आत घेता. मी वही पुढे करतो. तुम्ही हसता. "माळ शे ती, धनुष्यनी दोरी नही. लोंबू दे तिले." बांबू तुमच्या खुणेवर रोवून तुम्ही जेवायला गेलात.

दिवेलागणीला वारा सुटला, ताणलेल्या माळेचा जोड निसटला आणि अर्धं अंगण अंधारात गेलं. नवरीचा मामा सगळ्यांदेखत म्हणाला, "काय हो आबा, नजर गयी का तुमनी?" त्यानंतर तुम्ही खिशात टेप ठेवू लागलात. प्रत्येक बांबूपाशी मला हाक मारायचात, "तू मोजी दे, भाऊ. मनी नजर आते कामनी नही."

आज पानावर दोन्ही आकडे शेजारी ठेवले. माझा जुना अडतीस फूट पावणेनऊ इंच. फरक बरोबर पाच इंचांचा, आबा! तुम्ही अंगठ्यानं काढलेलं उत्तर मला इतक्या वर्षांनी संगणकानं दिलं. धाकट्याला फोन केला. त्यानं लगेच गोदामात माळ टांगून बघितली आणि ओरडला, "दादा, हाई ते आबानंच माप शे!" मीही ओरडलो. ऑफिसातले वळून बघायला लागले.

पुढचं त्यालाही सांगितलं नाही. हा कागद कुठं पाठवायचा नाही, तरी ही ओळ लिहायला तासभर लागला. तुम्ही जेवायला गेलात तेव्हा तो बांबू उपटून मी परत माझ्या खुणेवर रोवला होता.